घराचं आडनाव

"वीडेनलो, तुमचे पाव!" गुड्रूनने बेकरीच्या आतून हाक मारली. हाइनरने हात पुढे केला.

"अय्या, तुमचे नव्हेत हो! या नव्या वीडेनलोंचे." जीभ चावत तिने पिशवी मागे उभ्या असलेल्या डोरिनकडे दिली. रांगेतले आम्ही सगळे हसलो. हाइनरही हसला, पण त्याचा चेहरा पडला होता.

आमच्या जर्मनीतल्या मुन्स्टरकडच्या खेड्यांत आडनाव माणसाचं नसतं, घराचं असतं. त्या घरात राहून जो शेत कसेल, तो त्या नावाचा. हाइनरचे आजोबा जन्माने काम्प. वीडेनलोंकडे घरजावई म्हणून आले आणि लग्नाचं जेवण उरकायच्या आत वीडेनलो झाले. त्या काम्पचं काय झालं, कुणी विचारलं नाही. पुढे कायदा बदलला, गावाची जीभ काही बदलली नाही.

हे नाव आमच्या गावाबाहेर सापडायचं नाही. एक शाखा अमेरिकेत गेली, पण तिथल्यांना उच्चारता येईना म्हणून त्याचं 'विलो' करून मोकळे झाले. इथे उरला एकटा हाइनर. मूलबाळ नाही, बायको हेडविग गेली, मग गुडघेही गेले. गेल्या वर्षी त्याने शेतघर रोमानियाहून आलेल्या डोरिनला विकलं आणि बेकरीवरच्या खोलीत राहायला आला. घर जाणार हे त्याने मनाशी धरलं होतं. आपण जिवंत असताना नावही जाईल, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाहेर बाकावर डोरिन त्याच्याशेजारी येऊन बसला.

"काका, राग मानू नका. मी सगळ्यांना सांगतो, मी मुंत्यानू म्हणून. कुणी ऐकेल तर शपथ."

"नाही ऐकणार. गाढवं आहेत सगळी."

"तुम्ही म्हणाल तर रविवारी चर्चबाहेर ओरडून सांगतो. नाव तुमचं आहे."

'सांग' असंच हाइनरला म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"पोरगी काय म्हणते?" त्याने उगाच विचारलं.

"इलिंका? खूश आहे. आधी शाळेत तिला 'ती परकी' म्हणायचे. आता म्हणतात, वीडेनलोंची इलिंका."

हाइनरला फार एकटं वाटलं.

"मग राहू दे," तो म्हणाला. "पण नीट म्हण तरी! कसं म्हणतोस तू?"

"वीड्न्लो."

"शिंकलास की काय? शेवटचा 'लो' लांब ओढायचा. कुरणापलीकडच्या माणसाला हाक मारतात तसा."

"वीडेनलो."

"अजून लांब, लेका!"

"वीडेनलोऽऽ!"

हेडविग जेवायला बोलावताना चेष्टेने अशीच हाक मारायची. हाइनरच्या तोंडून 'आलो' निघणारच होतं. ते गिळून तो म्हणाला, "हं. आता बरोबर."