मर्व्हच्या व्हॅनचा पोचा

"कुणाचा विश्वास बसणार नाही," बिअरची बाटली गुडघ्यावर टेकवत मर्व्ह म्हणाला, "पण माझी व्हॅन एकदा उडालेली आहे."

"झालं, सुटला हा!" डडली म्हणाला.

"अरे, ऐक तरी. नलार्बरच्या माळावर मुक्काम. पहाटे टपावर गुलाबी काकाकुवे येऊन बसले. थोडेथोडके नाहीत, अख्ख्या राज्याचे. ही नोरीन उठली, किटली चढवली. किटलीनं शिट्टी मारली आणि सगळे एकदम उडाले. पण नखं पत्र्यात रुतलेली! व्हॅन वर, व्हॅनला जोडलेली गाडी वर, आणि गाडीत मी. अंगात विजारसुद्धा नाही."

"मग उतरलास कसा? काकाकुव्यांनी इंडिकेटर दिला?"

"नोरीननं बिस्किटांचा पुडा खाली फेकला, म्हणून उतरलो. पुढच्या गावापर्यंतचं पेट्रोल मात्र वाचलं."

खुर्च्यांचं कडं खदखदून हसलं. पाच वाजले की कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरांच्या, तळावर हे कडं जमायचंच. ज्यानं त्यानं आपली खुर्ची आणायची, आपली बाटली आणायची, चीज-बिस्किटं मधल्या डब्यावर ठेवायची. आडनाव कुणी कुणाला विचारत नसे. विचारायचं ते एकमेकांच्या व्हॅनबद्दल: किती जुनी, किती जड, छत गळतं का. आणि मर्व्हच्या व्हॅनबद्दल तर विचारल्याशिवाय कुणाला राहवतच नसे. मागची बाजू लाथ बसलेल्या डब्यासारखी आत गेलेली, वर चिकटपट्ट्यांच्या फुल्या.

आजही शेजारच्या दाढीवाल्यानं विचारलंच, "आणि ते मागचं? तेही काकाकुव्यांनी केलं का?"

"ते नोरीननं केलं," डडली म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच मांडी बडवून घेतली. "नोरीन, तुझी हत्यारं कुठायत? दाखव की सगळ्यांना."

डडली आणि त्याची बायको फे ही मर्व्ह-नोरीनची जुनी मित्रमंडळी. दोन्ही जोडप्यांच्या दोन व्हॅन, व्हिक्टोरियातल्या गव्हाच्या पट्ट्यातून एकामागोमाग निघालेल्या. तो पोचा पडल्यावर डडलीनं टेबल-टेनिसच्या दोन बॅटी नारिंगी रंगवल्या. एकीवर लिहिलं 'ये', दुसरीवर 'थांब', आणि समारंभानं नोरीनला भेट दिल्या. व्हॅन मागे घेताना एकानं मागे उभं राहून हातानं खुणा करायच्या आणि दुसऱ्यानं आरशात बघून चाक फिरवायचं, ही या लोकांची रीतच. नव्या तळावर कुणी व्हॅन मागे घ्यायला लागलं की सगळा तळ हातातली कामं टाकून बघत बसतो. या खुणांवरून संसार मोडल्याच्याही गोष्टी आहेत.

नोरीन उठली, व्हॅनमधून बॅटी घेऊन आली, विमानतळावरच्या माणसासारख्या दोनदा हलवल्या आणि हसत खाली बसली. कडंही हसलं. मर्व्हही हसला. पण बाटली तोंडाला न लावताच त्यानं खाली ठेवली.

कारण खरं काय ते मर्व्हला माहीत होतं. आणि नोरीनला माहीत होतं.

पोचा पडला त्या दिवशी दुपारी ते नदीकाठच्या एका तळावर पोचले होते. जागा बघून ठेवून नोरीन उतरून गेली. मर्व्ह कचेरीत पैसे भरून बऱ्याच वेळानं गाडीत येऊन बसला; त्याला वाटलं, ती मागे उभी राहायला गेलीय. त्यानं आरशात पाहिलं. मागे कुणीतरी पांढऱ्या बाहीचा हात हलवून बोलवत होतं. ये. ये. अजून ये. त्यानं व्हॅन मागे घेतली. हात बोलवतच राहिला, हा मागे जातच राहिला, आणि व्हॅन पाण्याच्या नळाच्या सिमेंटच्या खांबावर जाऊन बसली. उतरून जवळ गेला तेव्हा कळलं: दोरीवर कुणाचा तरी पांढरा शर्ट वाळत होता. वाऱ्यानं त्याची बाही अजूनही बोलवत होती.

आणि नोरीन भलत्याच बाजूनं, कपडे धुण्याच्या खोलीतून धावत आली. कोपरापर्यंत साबण.

लोक जमले. डडलीनं विचारलं, "काय रे, काय झालं?"

तेव्हा मर्व्हच्या तोंडून निघून गेलं, "ही म्हणाली ये. मी आलो."

नोरीननं त्याच्याकडे पाहिलं. मग त्या शर्टाकडे पाहिलं. हात ॲप्रनला पुसले आणि म्हणाली, "हो. चुकलंच माझं."

जिनं लहानपणी बापाच्या ट्रॅक्टरला गव्हाच्या दोन-दोन गाड्या जोडून कोठारात मागे घातल्या होत्या, आणि ते बघायला म्हणून जिच्या शेताच्या कुंपणावर एक मर्व्ह नावाचा पोरगा येऊन बसायचा, ती बाई म्हणाली, चुकलंच माझं.

त्यावर दोघांत आजवर एक शब्द झाला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यापासून मर्व्ह जिथं बघेल नेमका तिथंच एक करडा डाग यायचा. काठाकाठानं सगळं दिसायचं, मधलं तेवढं पुसलेलं. डॉक्टरकडे तो गेला नव्हता. गेलं की डॉक्टर लिहून देणार, आणि लायसन्स जाणार. आणि लायसन्स गेलं तर मर्व्हचं उरतं काय? सारं आयुष्य त्यानं शाळेची बस चालवली होती. कुठल्या शेताच्या फाटकाशी कुठलं पोर उभं असतं, कुणाची गाय उशिरा दूध देते म्हणून कुणासाठी थांबायचं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. ती पोरं आता स्वतः आजोबा झाली, तरी गावात भेटली की म्हणायची, "मर्व्ह, तुझ्या बसला कधी ओरखडासुद्धा नाही पडला रे!"

तेव्हा मर्व्हनं युक्त्या काढल्या. रस्त्यावर डडलीच्या मागे राहायचं. "मला धूळ खायला आवडते," असं सांगायचं. डडलीच्या व्हॅनची मोठी पांढरी पाठ काठानं दिसली की झालं. आणि नोरीननं वाचायला सुरुवात केली होती. शेजारी बसून ती रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायची: "पुढे अरुंद पूल." "गुरं ओलांडतात." "मर्व्ह, बैल बघ केवढा!" पुढच्या गाडीतून वॉकीटॉकीवर ते ऐकून फे म्हणायची, "अगंबाई, पहिलीतल्या पोरीसारखी काय वाचत असतेस? रेडिओ लाव की." नोरीन म्हणायची, "तोंडाला चाळा गं."

उद्याचा रस्ता विंटनचा. मधोमध एका गाडीपुरतं डांबर, दोन्हीकडे लाल माती, आणि समोरून तीन-तीन डबे जोडलेले गुरांचे ट्रक. ते बाजूला होत नाहीत. बाजूला आपण व्हायचं. सकाळीच फे म्हणाली होती, "उद्या आपण दोघी एका गाडीत बसू हं, नोरीन. गप्पा मारत जाऊ." आणि नोरीन पटकन म्हणाली होती, "नको. मी आपली मर्व्हबरोबरच बरी." तिच्या आवाजातली भीती मर्व्हला ऐकू आली होती. रेडिओवरचं हवामान ऐकतोय असं दाखवून त्यानं मान फिरवली होती.

"सांग ना मग, पोचा कसा पडला!" दाढीवाल्यानं पुन्हा विचारलं.

"जाऊ दे रे, जुनी गोष्ट."

"लाजतो कशाला?" डडली म्हणाला. "सांग. बायकोचं हसं करायला एरवी कधी मिळतं?"

आता मर्व्हचा स्वभाव असा, की गोष्ट सुरू केली की ती त्याच्या हातात राहत नसे. पहिल्या तळावर सांगितली तेव्हा नोरीननं एक हात हलवला होता. दुसऱ्या तळावर दोन. तिसऱ्यावर ती नाचायला लागली होती. खोटं असं रोज चारा खाऊन जाडजूड होत होतं, आणि त्याचं तोंड काही थांबत नव्हतं. थांबलं तर मागे काय उरणार, या धास्तीनंच बहुधा.

"तर आमची ही," तो म्हणाला, आणि तोंड चालू झालं, "मागे अशी उभी, जशी काही राणीला सलामी देतेय. एक हात उजवीकडे, एक डावीकडे. मी म्हटलं, अगं बाई, व्हॅनला चाकं दोन आहेत, पंख नाहीत. ही आपली, ये, ये, ये! मी कसा थांबणार? बायकोचं ऐकायचं नाही तर कुणाचं? खांब मला म्हणतोय, अरे बाबा, नको! आणि ही म्हणतेय, ये!"

कडं हसलं. नोरीन सगळ्यांच्या जरा आधीच हसली, आणि सगळ्यांच्या नंतरही थोडी हसत राहिली.

"कुठला म्हणायचा तो तळ?" पलीकडून एक आवाज आला.

दुपारी आलेली एक जाडजूड बाई, डोक्यावर गवताची हॅट, मांडीवर विणकाम. ग्वेंडा म्हणून नाव सांगितलं होतं तिनं. आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती.

"लाँगरीचच्या अलीकडचा. नदीकाठचा," डडली म्हणाला.

"निळ्या फाटकाचा?"

"हो, तोच!"

"अगं बाई!" ग्वेंडानं विणकाम बाजूला ठेवलं आणि हॅट मागे सारून नोरीनकडे नीट पाहिलं. "तरीच मघापासून म्हणतेय, हिला कुठं पाहिलंय. अगं, मी ग्वेंडा! चादर नाही का, चादर? यंत्र बंद पडलं होतं, म्हणून आपण दोघींनी मिळून हातानं पिळली?"

नोरीन म्हणाली, "दुसरी कुणी असेल हो."

"दुसरी कशी असेल? हाच ॲप्रन! कोपरापर्यंत फेस होता तुझ्या. एक टोक तू धरलं होतंस, एक मी, आणि बाहेर धाडकन आवाज झाला. तू म्हणालीस, 'मर्व्ह!' आणि चादर टाकून पळालीस. माझ्या पायावर पडली की सगळी."

"त्याच्या आधी मी मागेच उभी होते," नोरीन म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आधी हात केला, मग आत आले."

"नाही गं. बराच वेळ होतीस आत. नवरा जेवायला काय मागतो, ते सांगत होतीस मला."

दाढीवाल्यानं बिस्किटाकडे नेलेला हात तसाच मागे घेतला. फे डडलीकडे बघायला लागली. डडली नोरीनच्या मांडीवरच्या बॅटींकडे बघत होता, आणि मान वर करत नव्हता.

ग्वेंडा मर्व्हकडे वळली. तिच्या मनात काही खोट नव्हती. कोडं पडलेल्या माणसासारखा साधा, मोठा आवाज होता तिचा.

"अहो, ही तर माझ्याबरोबर होती," ती म्हणाली. "मग तुम्हाला तिथं 'ये, ये' करत होतं तरी कोण?"