मागून हाक

कपिलधारच्या धबधब्यावरून मी एकदा पाय घसरून पडलो. पाणी इतकं गार होतं की मी अर्ध्या वाटेत थिजलो, तिथंच लटकून राहिलो आणि उन्हाळा लागल्यावर सावकाश खाली उतरलो. ही हकीकत आमच्या प्राथमिक शाळेत सांगितली तेव्हा एकाही पोरानं शंका काढली नाही. फक्त सुरज म्हणून एक चौथीतला आहे, त्यानं विचारलं, "आप्पा, मंग तवर जेवलाव काय?" म्हटलं, वरून भाविक नारळ टाकायचे. पोरांचं समाधान झालं.

मी रेवणप्पा. शाळेच्या फाटकासमोर माझं किराणा दुकान आहे. गाव धर्मापुरी आणि सिरसाळ्याच्या मध्ये कुठंतरी. कुठं ते एसटीलाही नीट माहीत नाही. दुकानात बसून मी गिऱ्हाइकांना ज्या थापा मारतो त्या फुकट जातात, असं आमच्या विजयमाला मॅडमचं म्हणणं पडलं. त्या म्हणाल्या, "आप्पा, दर शनिवारी शाळेत या आणि पोरांना मारा. थापा. पोरांना नव्हे."

त्याला कारण होतं. दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. आई-बाप कारखान्याच्या फडात, पोरं आजी-आजोबांकडे. शाळा भरलेली असते, पण पोरं तिथं नसतात. मॅडम पोरांच्या मनाविषयीचं कसलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि त्यांनी वर्गात एक मोठा पुठ्ठा टांगला. त्यावर चार तोंडं काढलेली: हसरं, रडकं, रागावलेलं आणि भ्यालेलं. प्रत्येक पोराला कपडे वाळत घालायचा एक चिमटा, त्यावर नाव. सकाळी आल्यावर ज्याला जसं वाटत असेल त्यानं त्या तोंडाखाली आपला चिमटा लावायचा. हेडमास्तर म्हणाले, "आमच्या वेळी एकच तोंड होतं, आणि ते मास्तरांच्या हातानं सुजलेलं असायचं." पण त्यांनीही एक चिमटा मागून घेतला.

सगळ्यांचे चिमटे लागायचे, एक सोडून. तिसरीतली गंगासागर आपला चिमटा मुठीत धरून बसायची. शाळा सुटेपर्यंत मुठीत. तिचे आई-बाप, मनकर्णा आणि तानाजी, फडावर गेलेले. ते गेल्यानंतर थोड्याच दिवसांत पोरीचं बोलणं बंद झालं. परळीला नेऊन घसा दाखवला, घसा ठणठणीत. शाळेतली खिचडी चिवडायची, विचारलं की मान हलवायची. फडावरून बापाचा फोन आला आणि तिच्या कानाला लावला की पळून जायची.

मार्गशीर्षात एक दिवस तिची आजी सुंदरबाई दुकानात आली.

"आप्पा, चहापत्ती द्या. आन सक्रातीनंतर मुकादमाची गाडी जाणार हाय, त्यात पोरीला लावून देते."

"कावून? शाळा हाय की तिची."

"तोंड उघडंना, जेवंना. आसली शाळा काय चाटायची? तिकडं मनकर्णाचा पाय कोयत्यानं कापलाय. भाकरी थापाया तरी व्हईल."

आमच्याकडची पोर एकदा फडावर गेली की वर्गात परत येते ती दुसऱ्या वर्षी, आणि तिसऱ्या वर्षी येतच नाही. हे मला माहीत होतं, सुंदरबाईलाही माहीत होतं.

"पाय कवा कापला?" मी विचारलं.

"पोचल्यावर थोड्या दिसांनी. व्हायाचंच व्हतं! निघताना हिनं मागून हाक मारली. ट्रॅक्टर हालला आन ही 'आये' म्हणून बोंबलली. म्या तितंच थोबाडीत दिली. म्हणलं, मागून हाक मारतीस, त्यांचं काय बरंवाईट झालं मंजी? आन झालंच न्हवं?"

"हे पोरीसमोर बोललीस?"

"मंग कुणासमोर बोलू? घरात दुसरं हाय कोण?"

आता, निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, हे आमच्याकडं रांगतं पोरही जाणतं. काही विसरलं असलं तरी पळत पुढं जायचं, आडवं उभं राहायचं आणि हातात द्यायचं. गिऱ्हाईक पिशवी विसरलं तर मीसुद्धा या गुडघ्यांनी पळत पुढं जातो. पण इतकी वर्षं पळताना त्या हाकेचं ओझं आठ वर्षांच्या पोरीवर पडेल हे डोक्यात आलं नव्हतं.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी गंगासागरला जवळ बसवून समजावलं, की आईचा पाय तुझ्यामुळं कापला नाही. पोरीनं मान डोलावली. मान डोलावण्यात ती पहिल्या नंबरात होती. मॅडम सुंदरबाईकडं गेल्या, म्हणाल्या, तुम्ही बोललात ते तुम्हीच मागं घ्या. सुंदरबाई म्हणाली, "माझ्या सासूनं सांगितलंय ते. ती का खोटी व्हती?"

मग मी ठरवलं, आता आपणच हात घालावा. शनिवारी गोष्ट संपली की मी माल आणायला सिरसाळ्याला जातो. फाटकात उभा राहून पोरांना म्हणालो, "मी निघालो की मला मागून हाक मारायची. जोरात."

सुरज म्हणाला, "आप्पा, तुमी मरताल."

"मेलो तर दुकानातल्या गोळ्या तुमच्या."

असली जोरात हाक मारली त्यांनी, की विचारू नका. मी गेलो, माल घेऊन धडधाकट परत आलो. पोरं जरा नाराज दिसली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. गंगासागर लिंबाखाली उभी राहून दोन्ही हात तोंडावर दाबून बघायची. मी परत आलो की तिचे हात खाली यायचे, पण तोंड बंदच.

एवढ्यात संक्रांत तोंडावर आली. मग मी मोठी थाप काढली. पायाला गुडघ्यापर्यंत पट्टी गुंडाळून शाळेत लंगडत गेलो.

"गेल्या शनिवारी तुमाला सुट्टी होती. मागून कुणी हाक मारली न्हाई, आन बघा! सिरसाळ्याच्या चौकात असा पडलो की रस्त्याला खड्डा पडला. शेजारचे जुने खड्डे म्हणाले, या पाव्हणं, जागा हाय."

पोरं हसली. पण मॅडमनी मला व्हरांड्यात घेतलं.

"आप्पा, पायाला खरंच काही झालंय?"

"न्हाई. पण आता पोरीला वाटंल, हाक मारली न्हाई की वाईट होतं. मारंल हाक."

"आणि उद्या ती हाक मारायची विसरली आणि कुणाला काही झालं, तर? तिच्या डोक्यावरचा एक दगड काढून तुम्ही दुसरा ठेवताय."

उत्तर नसलं की मी निघतो. तसा लंगडत फाटकाकडं निघालो. मॅडमच्या बोलण्यानं डोकं ठिकाणावर नव्हतं. फाटकापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागून आवाज आला. बारीक, गंज चढल्यासारखा.

"आप्पा! पट्टी त्या पायाला हाय!"

मी खाली पाहिलं. पट्टी उजव्या पायाला होती आणि मी डाव्यानं लंगडत होतो.

सगळी शाळा खो खो हसायला लागली. सुरज तर जमिनीवर लोळला. गंगासागरसुद्धा हसत होती, निदान हसायला लागली होती. मग तिच्या लक्षात आलं की आपण निघालेल्या माणसाला मागून हाक मारली. हात तोंडावर गेले आणि ती मटकन खाली बसली.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे. आज सिरसाळ्याला जातच न्हाई."

मॅडम तिच्याशेजारी खाली मातीत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जायचं, आप्पा. नाही गेलात तर तिला वाटेल तुम्हीपण भ्यालात. जा, आणि नीट परत या."

मी शहादेवच्या टमटममध्ये बसलो. शहादेव गाडी अशी हाकतो की म्हशी बाजूला होऊन हात जोडतात.

"हळू हाण बे," मी म्हणालो.

"आप्पा, आज काय झालं? कवा तर म्हणता, इमानाच्या पंखावर बसून काशीला गेलतो."

"त्या इमानाचा डायवर शाना व्हता. हळू हाण."

हे सगळं मी मानत नाही. पण त्या दिवशी रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघितलं, मग पुन्हा दोन्हीकडं बघितलं. शेंगदाण्याचं पोतं दुसऱ्याला उचलायला लावलं. मला काही झालं असतं तर ती पोर पुन्हा कधी बोलली नसती, आणि माझी थाप मारायची सोयही राहिली नसती.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. शाळा केव्हाच सुटलेली, पण फाटकात गंगासागर बसलेली, शेजारी मॅडम. सुंदरबाई पोरीला न्यायला आली होती, तीही कंटाळून तिथंच बसली होती. पोर उठली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि दोन्ही पाय बघितले.

"काय झालं न्हाई?"

"एक डास चावला. तो मेला."

तिनं माझे पाय पुन्हा एकदा निरखले. मग म्हणाली, "मंग आईचा पाय?"

मी मॅडमकडं वळलो. मॅडम म्हणाल्या, "आईलाच विचारूया का?" पोरीनं आजीकडं पाहिलं. मग मान डोलावली, या वेळी खरोखरची. मॅडमनी तानाजीला फोन लावला, चेहरा दिसतो तसला. तानाजीनं पाचटाच्या कोपीत नेऊन फोन मनकर्णाच्या हातात दिला. ती पाय लांब करून बसली होती, पायाला पट्टी. योग्य पायाला.

"आये," पोर म्हणाली, अगदी हळू, "म्या मागून हाक मारलती."

"कवा गं?"

"तुमी निघालाव तवा."

"मला कुटं आयकू आली? तुज्या बापानं गाणी लावलती एवढ्या मोठ्यानं, शेजारची बाई काय बोलती ते कळंना. तू तोंड उघडलेलं दिसलं तेवढं. म्हणलं, पोरीला जांभई आली."

"मंग पाय?"

"उसावर दव व्हतं बाई, कोयता निसटला. इथं लई जणींचा निसटतो. त्या सगळ्यांच्या पोरी का हाका मारीत बसल्यात?"

सुंदरबाई पदराशी चाळा करत होती. गंगासागर फोनकडं बघत राहिली. आईला हाक ऐकूच गेली नव्हती, याचं तिला बरं वाटलं की वाईट, ते तिच्या तोंडावरून समजेना. दोन्ही असावं.

मनकर्णा म्हणाली, "आता मार की. आता आयकते."

"आये!"

शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, ती अजून परत आलेली नाहीत. पलीकडून मनकर्णा नुसती नाक पुसत राहिली.

सोमवारी गंगासागरनं मूठ उघडली आणि चिमटा लावला, रडक्या तोंडाखाली. मी मॅडमना म्हणालो, एवढं करून अजून रडकंच? त्या म्हणाल्या, "आई लांब आहे आप्पा. रडूच येणार. पण लावला ना?" त्या आठवड्यात तिनं दोनदा खिचडी मागून घेतली.

संक्रांत झाली. मुकादमाची गाडी मारुतीच्या पारापाशी उभी होती. सुंदरबाईनं पोरीला काही गाडीत बसवलं नाही. मनकर्णासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून आणली होती, ती मात्र बोलण्याच्या नादात हातातच राहिली. गाडी हालली. सुंदरबाईला काय पळणं जमतंय? ती दोन पावलं धावली, थांबली, नातीकडं एकदा बघितलं आणि सगळ्या पाराला ऐकू जाईल असं ओरडली, "आरं थांब! चटणी ऱ्हायली!"

गाडी थांबली. मुकादमानं खिडकीतून डोकं काढलं. "म्हातारे, निघताना मागून हाक कावून मारतीस?"

सुंदरबाई काही बोलायच्या आत गंगासागर तिच्या हातातला चटणीचा डबा घेऊन खिडकीपाशी पोचली होती.

"आयकू आली न्हवं?" ती म्हणाली. "मंग घ्या."