मागच्या सीटचे हादरे

माझं वय आता चाळीसच्या घरात आहे, मित्रांनो. माणसाचं हे भर उमेदीचं वय, पण मोटारीच्या हिशेबानं म्हातारपणही मागे पडलेलं. माझ्याबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेल्या बहुतेक अँबॅसिडर भंगारात गेल्या. मी अजून देवळाली प्रवरेत एका पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. रंग मूळचा पांढरा. आता त्याला पांढरा म्हणायचं ते सवयीनं.

जन्माचं फारसं आठवत नाही. ठोकाठोकी, रंगाचा वास, मग ट्रकवर बांधून आठवडाभराचा प्रवास. एका साखर कारखान्यानं मला साहेबांच्या दौऱ्यांसाठी घेतलं आणि किल्ली कानिफनाथ नावाच्या ड्रायव्हरच्या हाती दिली. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. सकाळी येऊन आधी माझ्या बॉनेटवर हात ठेवायचा, मग रेडिएटरमधलं पाणी बघायचा. माझ्या आवाजात जरा फरक पडला, तरी रस्त्याच्या कडेला थांबून खाली वाकायचा. साहेब मागे बसून पेपर वाचत असत. "कानिफ, तुझ्या गाडीत अक्षरं हलत नाहीत," असं ते म्हणायचे. माझं एवढं कौतुक नंतर कोणी केलं नाही.

वीस वर्षांनी कारखान्यानं नव्या गाड्या घेतल्या. मला लिलावात काढलं, तेव्हा कानिफनाथनंच मला घरी आणलं. त्याची बायको पुष्पावती हिनं माझ्या चाकांवर पाणी घातलं आणि काचेला हळदकुंकू लावलं. पुढची काही वर्षं मी लग्नांत फिरले. कितीतरी नवऱ्या माझ्या मागच्या सीटवर बसून माहेराहून निघाल्या. मग लोकांना नवरीसाठी नव्या मोटारी हव्याशा वाटू लागल्या. मी शेडखाली राहिले. माझ्यावर आधी धूळ बसली, मग पेंडीची रिकामी पोती, मग कोंबड्या. मला त्याचं वाईट वाटलं असेल. आता आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळी वावटळीनं शेडचा एक पत्रा उचकटला. माझ्यावर ऊन पडतंय म्हणून कानिफनाथ शिडी लावून वर चढला. पत्रा ठोकून झाला होता. उतरताना शिडी सरकली आणि तो माझ्या शेजारीच पाठीवर पडला. आवाज मोठा झाला नाही. तो आभाळाकडे बघत म्हणाला, "पुष्पा, माझे पाय कुठं हायेत गं?"

पाय जागेवरच होते. पण कमरेखाली त्याला काही लागत नव्हतं, जाणवत नव्हतं. मोठं ऑपरेशन झालं. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी नगरच्या दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी निकिता कर्जतला दिलेली. ती यायची, रडायची आणि तिच्या संसाराकडे परत जायची. दुसरं कोणी नव्हतं. लहान गाड्यांत त्याला आडवं करता येईना. माझी मागची सीट पलंगासारखी रुंद. तेव्हा मला झाडूनपुसून पुन्हा चालू करून घेतलं आणि अठ्ठावन्न वर्षांची पुष्पावती राहुरीला जाऊन मोटार चालवायला शिकली. पहिले आठ दिवस तिनं माझा गिअर असा ओढला, की मला वाटलं तो हातात येणार. कानिफनाथ हे सगळं खाटेवरून बघत होता, पण बोलला एका शब्दानंही नाही. पडल्यापासून तो बोलायचाच नाही. भात दिला तर खायचा, कुशीवर वळवलं तर वळायचा.

वर्षभर असं चाललं. मग माझे मागचे पाटे थकले. मित्रांनो, मोटारीच्या मागच्या चाकांवर, दोन्ही बाजूंना, वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांची एकेक जुडी असते. तिला पाटा म्हणतात आणि त्यातल्या एकेका पट्टीला पान. खड्डा आला की पाटा वाकतो, धक्का गिळतो, पुन्हा सरळ होतो. माझ्या एका पाट्यातली पट्टी तुटली होती आणि मी मागून खाली बसले होते. पुष्पावतीनं मला रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये नेलं. माझ्या मापाचे पाटे मिळेनात, म्हणून तिथल्या माणसानं मालवाहू टेम्पोचे पाटे कापून बसवले. संध्याकाळी मी परत आले ती मागून उंच, ताठ. शेजारीपाजारी म्हणाले, गाडी पुन्हा तरुण झाली.

मला मात्र त्याच दिवशी कळलं होतं, की काहीतरी चुकलं आहे. लहानसा खड्डा आला तरी ठोका थेट वर येई आणि नंतर मी तीन-चार वेळा उसळत राही. पुष्पावती पुढे बसायची. पुढे एवढं कळायचं नाही. तरी तिनं गॅरेजवाल्याला विचारलं.

"नवे पाटे हायेत, मावशी," तो म्हणाला. "थोडी पळू द्या. आपोआप बसतील."

ती पळवत राहिली. देवळाली ते नगर, नगर ते देवळाली. मागे कानिफनाथ आडवा. प्रत्येक ठोक्याला त्याचं अंग सीटवरून उचललं जायचं आणि घासत खाली यायचं. तो छताकडे बघत राही. मी खडखडत होते, कुरकुरत होते. याहून जास्त मला काही करता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यातल्या सिस्टरनं त्याला कुशीवर वळवलं आणि ती थांबली. सकाळी पुष्पावतीनं अंग पुसलं, तेव्हा माकडहाडावर नुसता लालसर डाग होता. आता तिथली कातडी फाटली होती, तळहाताएवढी. माझ्या सीटवरच्या चादरीलाही रक्त लागलं होतं. डॉक्टरांनी पुष्पावतीला बाहेर बोलावलं. जखम हाडापर्यंत गेली, तर पायांचं सोडा, माणूस वाचवणं अवघड होईल, असं ते म्हणाले. व्यायाम बंद. जखम भरेपर्यंत पाठीवर निजवायचं नाही आणि असल्या गाडीतून तर आणायचंच नाही.

त्या दिवशी तिनं त्याला कुशीवर निजवून, उशा लावून, पायी चालल्याच्या वेगानं घरी आणलं. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. ती रडली नाही. घरी आल्यावर तिनं चादर धुतली, वाळत घातली आणि कोल्हारला फोन लावला.

कोल्हारचे कमरुद्दीनभाई पाट्यांचं काम करायचे. कारखान्याच्या दिवसांपासून ते मला ओळखत होते. आता सत्तरी उलटली होती, दुकान बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोपेडला हत्यारांची पिशवी अडकवून ते आले. कानिफनाथची खाट दारात होती. तो अंगणाकडे तोंड करून कुशीवर पडला होता. कमरुद्दीनभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं डोळे मिटले.

"वहिनी, तुमी चालवा. मी मागं बसतो," कमरुद्दीनभाई म्हणाले.

फाट्यापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. ते कमरेवर हात ठेवून उतरले.

"वहिनी, पाटे बदलल्यापासून ह्या सीटवर तुमी एकदा तरी बसलात का?"

"न्हाई वो. मी पुढंच असते."

"मंग आता बसा. मी चालवतो."

ती बसली. तोच रस्ता, तोच वेग. पहिल्या खड्ड्याला तिचं डोकं छताला लागलं. दुसऱ्याला तिनं दार धरलं. परत आल्यावर ती उतरेना. कमरुद्दीनभाईंनी दार उघडलं, तरी ती तशीच, दोन्ही हात सीटवर टेकून बसून राहिली.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे मी ह्यांना असं नेलं."

कमरुद्दीनभाई माझ्याखाली सरकले. हातानं चाचपत त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. पाटे टेम्पोचे, टनभर ओझ्यासाठी बनवलेले. एका माणसानं ते वाकणार कसे? शॉकअप जुनेच ठेवलेले, आतलं तेल केव्हाच संपलेलं. म्हणून उसळी थांबत नव्हती. "आन् हे बघा," ते खालून म्हणाले, "गाडी स्टँडवर, चाकं लोंबत असतानाच बोल्ट आवळलेत. गाडी खाली उतरली की रबरी बुश पिळला जातो. पाट्याला हलायलाच—"

"पयल्या दिवशीच कळलं हुतं."

आवाज खाटेवरून आला होता. कमरुद्दीनभाई माझ्याखालून बाहेर आले. पुष्पावती माझ्यातून उतरली.

"काय म्हनालात?"

"बोल्ट हवेत आवळलेत," कानिफनाथ म्हणाला. घसा वापरात नसल्यानं आवाज खरखरीत झाला होता. "गॅरेजातनं आली त्याच दिवशी. आवाजावरनं."

"मंग बोलला का न्हाई?"

ती खाटेजवळ गेली.

"चाळीस वरसं ह्या गाडीचा खिळा हलला तर तुमाला झोप येत न्हवती. आन् मला एक शबूद सांगता आला न्हाई?"

"मला कुठं दुखत हुतं," तो म्हणाला. "दुखत न्हाई, तर सांगायचं कशाला? काय वाचवायचं ऱ्हायलंय त्यात?"

पुष्पावतीनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा हात वर गेला. मला वाटलं ती त्याला मारणार. तिनं तो हात खाटेच्या कडेवर आपटला.

"माजं दुखतंय," ती म्हणाली. "रोज तुमचं अंग पुसते ते काय हौस म्हनून? अठ्ठावन्नाव्या वरसी गाडी शिकले, ती काय मिरवायला? माजं दुखतंय, कळतंय का?"

कमरुद्दीनभाई पान्हा पुसत राहिले. कोंबडी माझ्या चाकाभोवती दाणे टिपत होती. बऱ्याच वेळानं कानिफनाथ म्हणाला,

"कमरूभाई, दोनी बाजूंची दोन-दोन पानं काढ. वरचं मोठं पान ऱ्हाऊ दे."

"मी तेच म्हनत हुतो, कानिफभाऊ."

"आन् पानांच्या मधे ग्रीस. आधी कानस मार. चाकं जमिनीला टेकू दे, मागं पेंडीची भरलेली पोती टाक, माझ्या वजनाची. मंगच बोल्ट आवळ."

तसंच झालं. सगळा दिवस गेला. पट्ट्या निघाल्या, त्यांच्या कडा घासल्या, पुन्हा बसल्या. मला जमिनीवर उतरवलं, मागे पोती ठेवली, तेव्हा कुठे बोल्ट आवळले. नगरहून नवे शॉकअप दुसऱ्या दिवशी आले. ते लावून झाल्यावर कानिफनाथनं खाटेवरूनच सांगितलं, "डिकीवर जोर दे आन् सोड." कमरुद्दीनभाईंनी मला दाबलं आणि सोडलं. मी एकदा वर आले आणि थांबले.

मग कमरुद्दीनभाईंनी चालवलं आणि पुष्पावती मागे बसली. फाट्यापर्यंत तीनदा जाऊन आली. तिसऱ्या फेरीला तिनं मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या धरला होता. थोडं पाणी सांडलं. ती म्हणाली, "चालंल."

जखम भरायला अडीच महिने लागले. कातडी आली, पण ती जागा अजून पातळ आहे. पाय तसेच आहेत. ते पुन्हा चालतील असं कोणी म्हणत नाही, आणि मीही तुम्हाला तसं सांगणार नाही. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही नगरला जातो. मागे पाण्याची गादी असते. पुष्पावती दर अर्ध्या तासानं गाडी थांबवून त्याला कूस बदलायला लावते. गेल्या शुक्रवारी राहुरीच्या पुढे कानिफनाथ मागून म्हणाला, "तिसरा गिअर टाकलास तो उशिरा टाकलास. इंजनाचा आवाज ऐकत जा."

"बरं," ती म्हणाली.

"आन् पुढच्या वळनाला खड्डा हाय. हळू घे. मी मागं हाय."

तिनं वेग कमी केला. आम्ही तो खड्डा सावकाश पार केला.

मित्रांनो, मी जुनी आहे. मला शेडखाली ठेवा, धूळ पुसा, वेळेवर तेल घाला. एवढं केलंत तर माझी तक्रार नाही. पण दुरुस्ती करून आणलेली गाडी कशी चालते, हे नुसतं पुढे बसून ठरवू नका. एकदा मागे बसून बघा. तिथं घरातलं जे माणूस बसतं, ते कदाचित काहीच बोलणार नाही. त्याला विचारा. उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारा.