माळावर जायची गाडी

गाडी मला माळावर जायला पायजे व्हती, पर नाव मी उसाचं सांगितलं.

"स्वराज, बांधानं हिंडाय येत न्हाई आता. बाइकवर पाय पलीकडं जात न्हाई, ट्रॅक्टरवर चढवत न्हाई. ते मोबाइलात चार जाड टायरचं दाखवत व्हतास, ते घेऊन टाक," असं मी नातवाला म्हणले. त्याला तेच पायजे व्हतं. ह्यो पाबळला वेल्डिंग शिकून आलेला, लोखंड दिसलं की ह्याचं डोळं चमकत्यात. दुसऱ्याच दिशी गाडी बुक. एटीव्ही म्हणत्यात तिला. मागच्या कॅरिअरवर माझ्यासाठी त्यानं पाठ टेकायला लोखंडी कठडा पन जोडला.

उसाचं मला काय कौतिक? ऊस खिडकीतनं दिसतो. मला बघायची व्हती म्हाळूची मेंढरं.

म्हाळू माझा पाठचा भाऊ. दर साल पावसाळ्यात त्याची मेंढरं आमच्या वस्तीपल्याडच्या माळावर बसायला असत्यात. दिवाळी झाली की कोकणाची वाट. औंदा त्यो दारात आला, खुर्चीवर बसला न्हाई, पायरीवरच उकिडवा बसला, चहा बशीत वतला.

"आक्का, औंदा कोकण न्हाई. पोरं कारेगावला कंपनीत लागली. मेंढरामागं चालायला मी आन् तुझी भावजय रंभा, दोघंच. सोमवारी व्यापाऱ्याच्या गाड्या दौंडाच्या रस्त्याला लागत्यात. समदी देऊन टाकतो."

"बरं झालं. सुटलास," म्हणले मी.

असंच बोलले. जीभ कुठली, माझीच. आन् त्यो गेल्यावर पदराला हात पुसत बसले, हात कोरडं असून.

त्या मेंढरात माझी मेंढरं हायेत. म्हंजी माझ्या मेंढरांच्या लेकी, नाती, पणत्या. कालव्याचं पाणी आलं तवा मीच मालकांना म्हणले व्हते, बास झालं हे उन्हातान्हात फिरणं, जमीन बागायती करू. मल्हारी नाव त्यांचं, वाणी गरीब. दोन दिस जेवलं न्हाईत. तिसऱ्या दिशी माझी चाळीस मेंढरं म्हाळूच्या मेंढरात सोडली. तवापास्नं भावकीत मी ताठ मानंनं सांगत आले, आमच्या अंगणात लेंडी पडत न्हाई म्हणून. मालक गेलं, बंगला झाला, सून आली, तिलाबी तेच सांगितलं. आता कुठल्या तोंडानं म्हणू, मला मेंढरात घेऊन चला?

आन् माळाला रस्ता न्हाई. मधी ओढा, पुढं चढ, समदा दगड. कार तिथं जात न्हाई. म्हणून ही गाडी.

बुधवारी टेम्पोतनं गाडी आली. लाल. स्वराजनं दारात उतरवली, चालू केली, ती थरथरत उभी राहिली. सून कुंकवाची कोयरी घेऊन आली आन् भंडारा लावाय लागली चिमटीनं.

"ती काय भाजी हाय, चिमटीनं मीठ घालायला?" म्हणले. जेजुरीचा भंडारा घरात पिशवीभर असतो आमच्यात. पिशवी घेतली, आन् चालू गाडीवर दोन्ही मुठींनी उधळला. पुढं, मागं, सीटवर. येळकोट म्हणून अख्खी पिशवी झाडली. सीटखालच्या फटीपाशी पिवळा ढग झाला आन् गाडीनं त्यो सुर्रकन् आत वढून घेतला. मला बरं वाटलं. म्हणले, पावली.

बेस्तरवारी सकाळी निघालो.

"ऊस इकडं हाय, आजे," स्वराज म्हणला.

"माळाकडनं चक्कर मारू. नव्या गाडीला चढ दाखवावा."

"गाडीला का बैलाला?"

"तुला दाखवते मग. चल."

ओढ्यापत्तुर गेली गुमान. पल्याडच्या चढाला लागली आन् खोकली. एकदा, दोनदा. मागनं काळा धूर, आन् बंद. स्वराज बटन दाबतोय, ती कण्हती आन् गप व्हती. त्यो ढकलत परत ओढ्यात घेऊन आला, मी दगडावर बसले. वारं माळाकडनं व्हतं. घुंगरं ऐकू आली. म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली, तीच धीमी. चढाच्या पल्याड मेंढरं, आन् मी अल्याड दगडावर, चौकीदारासारखी.

"काय ऐकतीस?" स्वराज म्हणला.

"तुझ्या गाडीचं कण्हणं."

शुक्रवारी घरामागंच चेन निसटली. बघितलं तर सैलच बसवलेली. डाव्या चाकाचा ब्रेक धरून राहिलेला, चाक तव्यासारखं तापलं. स्वराजनं चेन ताणली, ब्रेक सोडवला, पर चढाला लावली की खोकणं तेच. मग मी शोरूमला फोन लावायला सांगितला. मेकॅनिक व्हता सुदर्शन नावाचा.

"ऐका, सुदर्शन का कोण ते. चेन ढिली, ब्रेक आवळलेला, आन् चढाला ही म्हातारीवानी धापा टाकती. म्हातारी मी हाय घरात, दुसरी कशाला पाठवली?"

"आजी, चेनचं आमचं चुकलं. धापा टाकती म्हंजी एअर फिल्टर बघाय लागंल. सीट काढून डबा उघडायला सांगा पोराला, दोन मिंटाचं काम."

"उघडायचं न्हाई. आमी उघडलं की तुमी म्हणणार तुमीच बिघडवली, आन् हात वर करणार."

"न्हाई म्हणणार, आजी."

"तुमी स्वतः या आन् तुमच्या हातानं उघडा."

स्वराज पाना घेऊन सीटपाशी बसलेलाच व्हता. त्याच्या हातातनं घेतला आन् कनवटीला खवला. "नवी वस्तू हाय. फोडू न्हाई देणार."

"आजे, मला येतं ते. दोन मिंट."

"तुला येतं तर कंपनी काढ."

त्यो पोरगा हात झाडत उठला. त्याला काय ठावं मला कसली घाई हाय. आन् घाई असून मीच आडवी पडले. शब्द गेला की मागं घ्यायचा न्हाई, ही माझी खोड समद्या तालुक्याला ठावं हाय.

शनवारी कोण आलं न्हाई. सून फोन घेऊन आली. "आत्या, म्हाळूमामांचा व्हिडिओ आलाय. शेवटची मेंढरं म्हणून काढलाय, बघा."

"मला काय करायचीत मेंढरं," म्हणले, आन् लसूण सोलत बसले. ती मुद्दाम तिथंच धरून उभी. मी मान न वळवता डोळं वळवलं. इवली इवली मेंढरं, मुंग्यांवानी. कानाची ठेवण कळंना, पाठीवरचा डाग कळंना. माझ्या ठिपकी मेंढीच्या वंशात डाव्या कानाला काळी कोर असती. फोनात काय दिसती?

रविवारी सुट्टी सोडून सुदर्शन आला ते दिस कलल्यावर. बारकं पोरगं नव्हं, चांगला मिशीवाला बाप्या. मी पायरीवर बसले सरकारी साहेबावानी. त्यानं सीट काढली, डब्याची क्लिपा सोडली, आत हात घातला आन् तसाच थांबला.

"आजी, हळदीला कुणाला बसवली व्हती हिला?"

बाहेर काढलेला फिल्टरचा फोम पिवळाधमक. तेलात भिजून नुसता लगदा. त्यानं बोटानं दाबला, तर बोट पिवळं झालं.

"ही श्वास कशी घेणार? नाकात पीठ भरलंय हिच्या."

सुनंनं पदर तोंडाला लावला. स्वराज माझ्याकडं बघतोय. मी म्हणले, "भंडारा हाय तो. पीठ न्हाई."

"भंडाराच, पर इंजिनाला कळत न्हाई ते."

"मंग तुमी सांगायला पायजे व्हतं ना, की उधळताना बंद ठेवा म्हणून. पुस्तक देता जाडजूड, त्यात एवढं लिवलं न्हाई?"

"आजी, पुस्तक लिवणाऱ्याला जेजुरी कुठं ठावं." आन् त्यो खदखदा हसला. मला राग यायला पायजे व्हता. आला न्हाई. मी नुसतं विचारलं, "आज दुरुस्त व्हईल का?"

"पेट्रोलनं धुतो, रातभर वाळू द्या, सकाळी तेल लावून बसवा. सकाळी पोरानं लावलं तरी चालंल." मग माझ्याकडं बघून म्हणला, "परवा उघडला असता तर परवाच झालं असतं."

त्यानं कुजक्या आवाजात न्हाई म्हणलं. साधंच म्हणलं. म्हणून लागलं.

सोमवारी दिस उगवायच्या आधी मी उठून बसले. फिल्टर दोरीवर वाळत घातलेला, त्याला हात लावून बघितला दोनदा. स्वराज उठला, तेल लावलं, बसवला, गाडी चालू केली. काय आवाज सांगू तिचा. साफ.

"ऊस का माळ?" त्यानं विचारलं.

"माळ. आन् लवकर."

ओढा एका झटक्यात पार. चढाला ती हुंकारत चढली, थांबली न्हाई, दगडावरनं हेंदकळत, मी कठडा धरून. दवानं गवत भिजलेलं, पायाला गार लागत व्हतं. वर आलो. मी कान दिला. वारं तिकडनंच व्हतं.

काय ऐकू आलं न्हाई.

स्वराजनं गाडी थांबवली. मोकळा माळ. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या खुंट्यांची भोकं, चुलीचं तीन दगड, राख. मेंढरं पहाटंच गेली व्हती. लांब खाली, नदीकडच्या दौंडाच्या रस्त्याला, दोन ट्रक उभं दिसत व्हतं. त्यातला एक हलला. मग दुसरा.

"कुणाला शोधतीस, आजे?" स्वराजनं गाडी बंद केली. "म्हाळूमामा गेलं की पहाटंच. रात्रीच फोन व्हता त्यांचा, पाचला हलणार म्हणून."

मी उतरले. त्यानं हात धरला तर झटकला, मग परत धरला. माळ समदा दवानं पांढरा, आन् मेंढरं बसली व्हती तेवढी जागा मातर कोरडी. कोरडी, काळी, आन् हात टेकवला तर अजून ऊबदार. मी तिथंच मांडी घालायला गेले, गुडघा मुडपंना, मग पाय पसरून बसले. लेंड्यावर, समद्यावर.

"लुगडं घाण व्हतंय," स्वराज म्हणला.

"व्हऊ दे."

त्यो बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची आजी लेंडीवर बसलेली बघत व्हता.

"मला मेंढरं बघायची व्हती," म्हणले मी. "ऊस न्हाई. मेंढरांत बसायचं व्हतं एक दिस. माझी व्हती ती."

 त्यो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"बुधवारीच सांगायचं ना, आजे. चार पोरं बोलावली असती. बाजंवर घालून आणली असती तुला, खांद्यावर. गाडी कशाला लागत व्हती?"

   खालच्या रस्त्यावरनं ट्रक वळणाआड गेलं, धूळ तेवढी राहिली, मग धूळबी बसली.

"चल जाऊया?" त्यानं विचारलं थोड्या येळानं.

"थांब. अजून गरम हाय."

त्यो थांबला. मी हाताचा तळवा जमिनीवर तसाच ठेवला, आन् ऊन वर येईपत्तुर, दव आटून समदा माळ सारखा व्हईपत्तुर, तिथनं उठले न्हाई.