शेवंतीचा अर्ज

मित्रांनो, डिचोलीच्या मामलेदार कचेरीसमोर ज्याची टकटक दिवसभर चालायची, तोच मी जुना मराठी टाइपरायटर. मुंबईच्या कारखान्यात घडलो, बोटीने पणजीला आलो आणि गोकुळदासबाबांच्या मेजावर बसलो. लोकांचे अर्ज टंकून देणे हा त्यांचा धंदा. "ह्याचां अक्षर बघा, कसां मोत्यांसारखां," असे ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मी सुखावत असे.

गोवा राज्य झाले त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. एका गुरुवारी सकाळी चंद्रभागा आली. चंदगडकडची बाई, पाळी गावच्या खाणीवर राबणारी. सोबत नऊ वर्षांची शेवंती.

"पोरीला साळंत घेत न्हाईत," चंद्रभागा म्हणाली. "जन्माचा दाखला आणा म्हणत्यात. ही जन्मली रस्त्याच्या कामावर. कुठनं आणू? आन् सोमवारपासनं मुकादम हिला दगड वेचायला बोलवतोय."

गोकुळदासबाबांनी कागद चढवला आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचत टंकू लागले, "कृपा करून प्रवेश द्यावा, ही नम्र विनंती."

"काका," शेवंतीने विचारले, "साळा सरकारची हाय न्हवं? मग किरपा कशाला?"

त्यांची बोटे माझ्यावर थबकली. त्यांनी तो कागद काढून फाडला, नवा चढवला. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षण द्यावे असे राज्यघटना सरकारला सांगते, हे त्यांनी आधी लिहिले. मग लिहिले, 'शेवंतीला तिचा हक्क मिळावा.' मित्रांनो, जमिनीसाठी 'हक्क' हा शब्द मी हजारदा उमटवला होता. लहान मुलीसाठी तो प्रथमच उमटवला, आणि माझे सारे लोखंड शहारले.

अर्ज घेऊन ते स्वतः शिक्षणाधिकारी कमलाक्षीबाईंकडे गेले. बाईंनी सांगितले, "सोमवारी शाळेत या. यंत्रही आणा."

सोमवारी गोकुळदासबाबांसोबत बसने मी शाळेत पोचलो. शेवंती एकटी नव्हती. तिच्या अर्जाची बातमी ऐकून खाणीवरच्या झोपड्यांतली आणखी दहा मुले आयांचा हात धरून उभी होती. फाटकाबाहेर मुकादम घुटमळत होता.

"बाई, दाखल्याशिवाय नियमात बसत नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग आईचा जबाब घ्या, वय त्यावरून लिहा. दाखला मिळवून द्यायचं काम आमचं, मुलांचं नव्हे." कमलाक्षीबाई फाटकाकडे वळल्या. "मुकादम, ह्यांतलं एकही मूल खाणीवर दिसलं तर मी पोलिसांत जाणार."

मुकादम मान खाली घालून निघून गेला.

मी अकरा जबाब न अडखळता टंकले. चंद्रभागेने अंगठा उठवला. शेवंती वर्गात गेली ती थेट पहिल्या रांगेत बसली. तिच्यामागून दहाही मुले आत शिरली, तेव्हा गोकुळदासबाब खिडकीशी उभे राहून डोळे पुसत होते.

आता कॉम्प्युटर आलेत, मी कपाटावर धूळ खात पडलोय. मित्रांनो, मला कधीमधी पुसलेत तर बरे वाटेल, नाही पुसलेत तरी चालेल. पण एखादे मूल शाळेच्या फाटकाबाहेर उभे दिसले, तर पुढे निघून जाऊ नका. त्याच्यासाठी अर्ज लिहा. सरकारला त्याचे काम ठणकावून सांगा, आणि त्यात 'कृपा' हा शब्द घालू नका.