मोहाखालची राखण

“तोंडावर बोट. श्वाससुद्धा हळू घ्यायचा, लेकरांनो.”

बालवाडीच्या गिरजाबाई हे कुजबुजून सांगत. आमची बालवाडी गावाच्या शेवटच्या घरात भरायची, आणि तिच्या मागच्या दारापासून जंगल सुरू व्हायचं. मी चार वर्षांची असताना एका सकाळी बिबट ओसरीवर चढला. आम्ही एकवीस लेकरं ओठांवर बोट ठेवून बसून राहिलो. त्यानं खिचडीचा गंज हुंगला आणि उतरून गेला. कोणाला ओरखडासुद्धा नाही. त्यानंतर बाईंनी दोन वर्षं रोज तोच सराव घेतला.

ती लेकरं आता चाळिशीला आली. चपला रांगेत काढणारी, घास वाटून खाणारी माणसं म्हणून गावात आम्हाला मान आहे. पण ग्रामसभेत आम्ही मागच्या भिंतीला टेकून बसतो. पंगतीत वाढणारा चुकून पुढे गेला तरी हाक मारत नाही. मी रोज पहाटे त्रिसरण-पंचशील घेते, तेही इतकं हळू की शेजारी झोपलेल्या नवऱ्याला, राजदीपला, पत्ता लागत नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही तिघी मोहफुलं वेचायला गेलो. दीपाली माझ्याच बालवाडीतली. तिची शेजारीण सोनीबाई आमच्याहून मोठी, तिचं लहानपण शेळ्यांमागे गेलं. मोह वेचायला वाकावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं. म्हणून आमच्याकडे एकीनं वेचायचं नाही, उभं राहून चारी बाजूंना पाहायचं. तिच्या वाट्याची फुलं बाकीच्या वेचतात. त्या दिवशी राखणीला मी होते.

नुकतंच उजाडलं होतं. सोनीबाईनं झाडाला हात जोडले. दीपालीनं बुंध्याशी चपला जोडीनं ठेवल्या आणि वेचू लागली.

वाघ मला दिसला. दीपालीच्या मागे, वीसेक पावलांवर, पळसाच्या आडून आधी कान, मग खांदे. पोट जमिनीला लावून तो पुढे येत होता. दीपाली काहीतरी गुणगुणत होती. मला फक्त एक शब्द काढायचा होता. माझा हात वर गेला, आणि बोट ओठांवर जाऊन बसलं. श्वास हळू झाला. पंधरा पावलं. दहा.

सोनीबाईनं कंबर सरळ करायला मान वर केली. माझं बोट पाहिलं, माझी नजर कुठं आहे ते पाहिलं, आणि अशी आरोळी ठोकली की माझ्या काखेतली टोपली पायावर पडली. दीपाली ताठ उभी झाली. वाघ थबकला, आमच्याकडे पाहत राहिला, मग वळून झुडपात गेला.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो.

“तुले दिसला नाई का वो, नूतन?” सोनीबाईनं विचारलं. “राखणीवर होतीस का फोटो काढाले उभी होतीस?”

नाही दिसला, असं म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण खोटं न बोलण्याचं शील त्याच पहाटे घेतलं होतं.

“दिसला होता, बाई. आवाजच नाई निघाला.”

“मंग काय नमस्कार करत होतीस त्याले?”

“तोंडावर बोट ठेवलं असन,” दीपाली म्हणाली. तिनं मला पाहिलंही नव्हतं. “मीबी तेच केलं असतं.”

“धन्य तुमची बालवाडी. मले कोणी शिकोलं नाई, म्हून तू आज जित्ती आहेस.”

गावाशी सोनीबाई तिच्या घराकडे वळली. दीपाली माझ्याकडे वळली.

“सोनीबाई उद्या लेकीकडे आरमोरीले चालली,” ती म्हणाली. “मोह काई आपल्यासाठी थांबत नाई. आपण दोघी तळ्याकडच्या झाडाखाली जाऊ. राखणीले तू.”

“मले नको नेऊ. दुसरं कोणी पाह्य.”

“दुसरी पाहून राह्यली का गप्पा हाणून राह्यली, हे मले वाकल्यावर कसं समजन? तू खरं सांगतलंस. उद्या वरडशील?”



“वरडीन,” मी म्हटलं.

दुपारी घरी कोणी नव्हतं. मी दार लावून ओरडून पाहिलं. खाटेखालच्या कोंबडीनं डोळासुद्धा उघडला नाही. तळ्याच्या पाळीवर गेले. तोंड उघडलं की उजवा हात आपोआप वर येई. तो डाव्या हातानं धरून ठेवला तेव्हा आवाज निघाला, मांजराच्या पिल्लाएवढा. डोळे मिटले की पळसाआडचे ते कान दिसत, आणि वाकलेली दीपाली.

संध्याकाळी नाही म्हणायला तिच्या अंगणापर्यंत गेले. ती दोन टोपल्या धुऊन उपड्या घालत होती. मी तशीच मागे फिरले.

पहाटे वंदनेला बसले. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाशी जीभ अडखळली, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. राजदीपला न उठवता मी दार ओढून घेतलं आणि दीपालीच्या घराकडे निघाले.