आधी कोणाची बटणं

"समज, ही चार आईने लावली, ही नऊ तू लावलीस. मिळून किती?" पहिलीतल्या मुंगीने शिलाई मशीनच्या फळीवर आधी लाल बटणं मांडली, मग पांढरी. "तेरा! बाईंनी घरचं उदाहरण करून आणायला सांगितलंय."

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उदाहरणात खोट नव्हती. पण आधी आई! सुट्टी मिळेल तेव्हा उगवणाऱ्या बाईची चार बटणं आधी, आणि दात येताना जिने पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नाही तिची नऊ नंतर?

मुंगीची आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती दूरच्या शहरात नर्स म्हणून लागली आणि तान्ही मुंगी ताईकडे राहिली. आता धाकटीला तिकडे खोली मिळाली होती. ती रजा काढून इथे आली होती आणि येत्या रविवारी मुलीला कायमची घेऊन जाणार होती. आयत्या बिळावर नागोबा, असं मावशी मनात म्हणायची आणि लगेच चपापायची, कारण बीळ मुळात नागोबाचंच होतं.

"चुकलं," मावशी म्हणाली.

"कुठे?"

"आधी माप घ्यायचं, मग कापायचं. उलट केलं तर?"

"कापड वाया जातं."

"मग! बेरजेचंही तसंच. मोठा आकडा आधी. आधी माझी नऊ, मग तिची चार."

मुंगीने मुकाट्याने बटणं उचलून पुन्हा मांडली. मावशी सांगते ते बरोबरच असतं, यात तिला कधी शंका आली नव्हती. मावशीला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी मुंगी शाळेतून आली ती तोंड पाडून. काय झालं ते धाकटीने सांगितलं. शाळेतून आणायला हल्ली तीच जायची. बाईंनी फळ्यावर चार अधिक नऊ आणि नऊ अधिक चार लिहिलं, दोन्हींचं उत्तर एकच, म्हणाल्या. तर ही उठून उभी! पहिलं चूक आहे, म्हणे. बाईंनी परोपरीने समजावलं तरी खाली बसेना. सगळा वर्ग खो खो हसला.

"असलं भलतंसलतं कुणी गं शिकवलं तुला?" धाकटीने विचारलं.

मुंगीने एकदा मावशीकडे पाहिलं. "कुणी नाही. मलाच वाटलं."

मशीन थांबलं. एवढीशी पोर आपल्याला पाठीशी घालतेय, हे पाहून मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी शिकवलं," ती म्हणाली. "मुंगे, बाईंचं बरोबर आहे. कुणालाही आधी घे, तेराच होतात. मी तुला खोटं सांगितलं."

"का?"

"तू आईला आधी घेतलंस. मला ते बघवलं नाही."

मुंगीने दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "माप आणि कापायचं, तेपण खोटं?"

"नाही गं, ते खरं."

मुंगीने आईकडे पाहिलं. आईने होकारार्थी मान हलवली, तेव्हा कुठे तिला पटलं. ती बाहेर खेळायला गेली.

आता बहीण भांडणार म्हणून मावशी कंबर कसून बसली. धाकटी मात्र जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, झोपेत ती कूस बदलते ना, तेव्हा 'मावशी' अशी हाक मारते. शेजारी मी असते. मीच ओ देते. मी नाही का जळत तुझ्यावर?"

मावशीला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. पण बहिणीचे डोळे भरलेले दिसले आणि तिचं तेवढंही सुख टिकलं नाही.

शनिवारी तिने मुंगीचा नवा फ्रॉक पुरा केला. खाली चार बोटं कापड आत दुमडून घेतलं होतं.

"ही उंच झाली की हे उसवायचं आणि खालून पुन्हा टीप घालायची," तिने धाकटीला दाखवलं.

"मला जमेल?"

मावशीने नुकतीच घातलेली टीप उसवली आणि फ्रॉक, सुई, दोरा धाकटीच्या हातात दिला. धाकटीचे टाके वाकडेतिकडे पडत गेले. मावशीचा हात पुढे झाला, पण तिने तो मागे घेतला.

"उसवू का?" धाकटीने विचारलं.

"राहू दे. पक्के आहेत," मावशी म्हणाली आणि फ्रॉकची घडी घालून तिने तो मुंगीच्या बॅगेत ठेवला.